शेळीचा केस आणि तीन बिया

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. कडेला पोचा, काचेवर दोन ओरखडे. तरी माझ्यापुढे खोटे टिकत नाही, एवढी घमेंड मला आहे.

मृणालिनीबाईंनी मला पुण्यात घेतले. त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पुढे आखाती देशात, अल मनखूलला संसार थाटला, तेव्हा मीही सोबत आलो. त्यांचे यजमान हेमचंद्र डोंगरातल्या रस्त्याचे इंजिनियर. सत्त्याण्णव साली एका शुक्रवारी आम्ही तिघे त्या कामावर गेलो. तिथल्या कोरड्या ओढ्यात इवलासा झरा होता, काठावर गवतासारख्या रोपांचे बेट होते. दुसऱ्या दिवशी त्यावर भराव पडणार होता.

पानांच्या कडेला लांब पांढरे केस पाहून बाई हरखल्या.

"हा डोंगरी लव्हाळा. हिमालयात पाहिलाय मी. इथे कुणाला सापडला नसेल."

"रेअर असेल तर लिहून दे," हेमचंद्र म्हणाले. "रस्त्याच्या कन्सल्टंटशी बोलतो. नाहीतर उद्या खलास."

बाईंनी कागदावर नाव लिहिलेही. झरा वाचणार होता, वर बाईंचे नावही होणार होते.

कामावर पाण्याचा पंप चालवणारा किसन माण तालुक्यातला. त्याने पानावरून बोट फिरवले.

"मॅडम, ह्यो शेळीचा केस हाय. पाण्याला येत्यात हितं. घरी पन्नास शेळ्या राखल्यात मी."

केस बोटाला चिकटून आला. पान गुळगुळीत निघाले. बाईंचा चेहरा उतरला. कागद तपासणारे तिथे कुणी नव्हते. तरी त्यांनी नखाने एक बोंड फोडले आणि मला डोळ्याशी धरले. डोंगरी लव्हाळ्याच्या बोंडात तीनच बिया असतात. इथे भुकटीसारख्या असंख्य होत्या. साधा लव्हाळा! बाईंनी नाव खोडले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

"साधा असला म्हणून काय झालं?" किसन म्हणाला. "लव्हाळा म्हंजी खाली बारमाही पाणी. आमच्याकडं तो बघून हीर खणत्यात. भराव टाकला तर रस्ता खचंल."

बाईंनी तेच खोडलेल्या नावाखाली लिहिले. हेमचंद्रांनी दोनदा वाचले.

"हे मात्र कन्सल्टंटला पटेल. यल्ला, चला, भराव थांबवा."

महिनाभराने तिथे रस्त्याखाली मोरी झाली. झरा तिच्यातून वाहू लागला.

पुण्याला परतताना बाईंनी मला त्याच कागदात गुंडाळून किसनच्या हाती दिले. आता मी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत त्याच्या पेटीत असतो. कुणाच्या हातात लोखंडाचे कुसळ शिरले, तरच ते शोधायला बाहेर येतो. मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसत जा. त्याआधी मनातली हौस पुसा, कारण तिच्यापुढे माझी काच लंगडी पडते. बाईंचा तो कागद अजून माझ्याभोवती गुंडाळलेला आहे, खोडलेल्या नावासकट.