जांभळाची चौकट

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, तिथं गोरखला वाईट म्हणणारा माणूस सापडणार नाही. पण कुठल्याही कामात त्याला पुढं घालायचं म्हटलं की लोक जरा घुटमळतात. त्याचा घात होतो तो भलेपणानं. जुनी वस्तू दिसली की त्याला तिच्यात देव दिसतो, आणि एकदा देव दिसला की मग गोरखला थोपवणं देवालाही जमत नाही.

यंदा चैत्रात वाडीच्या विहिरीतला गाळ काढायचं ठरलं. विहीर दगडात बांधलेली, जुनी. तळाशी मधोमध एक चौकोनी खड्डा आहे, त्यातून झरा वर येतो. भोवतीचा चिखल त्या खड्ड्यात ढासळू नये म्हणून कुणीतरी फार पूर्वी चार जाड लाकडं एकमेकांत खाचा पाडून तिथं अडकवून ठेवली होती. कुणी, ते वाडीत कुणालाच सांगता येत नाही. गोरखच्या आज्यालाही ती चौकट तिथंच भेटली होती.

पंप लावून पाणी उपसलं. गाळाच्या पाट्या वर जाऊ लागल्या. खाली उतरलेल्या गोरखनं चौकटीवरचा चिखल हातानं निपटला, तर आतून काळंभोर, गुळगुळीत लाकूड निघालं. त्यानं विळ्याचं टोक दाबून पाहिलं. टोक आत शिरेना.

"जांभूळ हाय!" तो खालून ओरडला. "आज्याच्या आज्यापास्नं पान्यात, आन् अजून दगडावानी टनक!"

आता पाण्यातलं जांभूळ कुजत नाही, हे या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाताला लागणं वेगळं. गोरखचे डोळे भरून आले. असं लाकूड चिखलात लोळत ठेवायचं? त्याची जागा वाघजाईच्या देवळापुढं!

काठावर सरपंच सुलक्षणा उभी होती. ती म्हणाली, "गोरखभाऊ, ऱ्हाऊ द्या की जाग्यावर. काय खातंय का ते?"

"ताई, आसं दैवत रोज का घावतं?"

जत्रा तोंडावर आली होती, माणसं हौसेला आलेली. दोर सोडले, चारी वासे वर ओढले, धुऊन पुसून हळद-कुंकू लावलं आणि देवळाच्या कट्ट्यावर मांडले. जत्रेत देवीच्या खालोखाल गर्दी त्या लाकडांपुढं झाली. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवला, की याचा तुकडा टाकीत टाकला तर पाणी नासत नाही, शेवाळ धरत नाही आणि पोटाचे सगळे विकार जातात. मग काय विचारता! खालून हिर्डोशीची माणसं आली, पार वरवे बुद्रुकवरून मोटारसायकली आल्या. गोरख प्रसाद म्हणून ढलप्या काढून देऊ लागला. एका पाहुण्याचं ढलपीवर भागेना. तो घरून करवत घेऊन आला होता.

जे लाकूड पाण्यात पिढ्यान् पिढ्या टिकलं, ते कट्ट्यावरच्या उन्हात महिनाभरसुद्धा टिकलं नाही. आधी केसाएवढ्या चिरा पडल्या, मग त्यांत बोट जायला लागलं. भर दुपारी देवळापुढं तडतड आवाज यायचा. गोरख म्हणायचा, देवी बोलतीय. बोलत होतं ते लाकूड, आणि त्याला पाण्यात परत जायचं होतं, एवढं सरळ मागणं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

तिकडं विहिरीत चिखलाला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तो हळूहळू सरकला आणि झऱ्याच्या तोंडावर बसला. वैशाख लागला तसा पोहऱ्यातून तांबडा राडा येऊ लागला, आणि मग राडाही येईना. ग्रामपंचायतीनं टेम्पोतून पाण्याची पिंपं धाडली, पण टेम्पो खालच्या वळणाच्या वर चढत नाही. तिथून डोक्यावर हंडे घेऊन बाया वर येऊ लागल्या. गोरखची बायको नूतन दारात हंडा उतरवताना म्हणाली, "देव खालनं वर आनलासा, लई ग्वाड झालं. आता पानीबी आनून दावा."

बैल गेला आणि झोपा केला, तसं मग सगळ्यांना चौकट परत बसवायची आठवण झाली. सोमनाथ सुताराला बोलावलं. त्यानं उरलेसुरले वासे उलटसुलट करून पाहिले. पिळवटलेले, खाचा एकमेकांत बसत नव्हत्या. एका वाशावर त्यानं बेतानंच ठोका घातला, तर वासा उभा फाटला. मग चौकटीच्या जागी दगड रचून पाहिले. ते चिखलात रुतून गेले. सिमेंटही ओतून पाहिलं, पण खालून झऱ्याचं पाणी झिरपत होतं आणि सिमेंट काही धरेना.

"ओलं जांभूळ पायजेल," सोमनाथ म्हणाला. "जाड, सरळ. आज तोडायचं, उद्या पान्यात. मधी वारं लागू द्यायचं न्हाई. आन् त्ये बी पावसाच्या आत. येकदा वरनं पानी आलं की तळ दिसायचा न्हाई, मग बसा वरीसभर."

एवढं बोलून तो हत्यारं पिशवीत भरू लागला. तसं जांभूळ कुठं आहे ते वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते गोरखच्याच दारासमोर, बांधावर उभं होतं.

त्या झाडावरून गोरखचा धाकटा भाऊ गेनू पडला होता. जांभळाची फांदी मोठी दगाबाज. दिसायला मांडीएवढी असते आणि मोडते काडीसारखी. गोरख तेव्हा चौथीत होता, गेनू त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. भोरला नेईपर्यंतही पोर राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाप सावळाराम कुऱ्हाड घेऊन झाडाकडं धावला, तेव्हा आई सारजाबाईनं बुंध्याला मिठी मारली. काही केल्या ती सोडेना. सावळारामानं कुऱ्हाड टाकून दिली, आणि त्या दिवसापासून घरात ना झाडाचा विषय निघाला ना गेनूचा.

बाप गेल्यावर गोरख कर्ता झाला, आणि त्यानं आपल्या स्वभावाप्रमाणं झाडाचा देव केला. भोवती दगडी पार बांधला. अवसेला दिवा लावायला लागला. झाडाला शेळी बांधायची नाही, पान तोडायचं नाही. विजेच्या तारेत फांदी येते म्हणून माणसं छाटायला आली, तर त्यानं भांडून खांब पलीकडं हलवायला लावला. आईचं काळीज त्या झाडात आहे, आपण ते जपतो आहोत, या समाधानावर त्याची निम्मी हयात गेली होती.

आणि आता ते झाड आईकडं मागायचं? ते सुद्धा आपण केलेल्या घोटाळ्यापायी? गोरखला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. आई म्हातारी झाली होती. झाड गेलं तर ती राहील का, हा प्रश्न त्याच्या छातीवर बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. गोरखनं मुद्दाम तो वळसा घेतला. भोरच्या वखारीत गेला, तिथं निलगिरी आणि आंबा. कामथडीला एका सोयऱ्याच्या बांधावरचं जांभूळ पाहून आला, ते आतून पोकळ होतं. रानात झाडं होती, पण ती फॉरेस्टची. प्रत्येक संध्याकाळी तो मान खाली घालून एसटीतून उतरायचा, आणि खालच्या वळणावर त्याला हंडा घेतलेली नूतन भेटायची. ती तशीच पुढं चालू लागायची. मग एक दिवस थांबली. "तुमी इचारताय, का म्या इचारू?"

सारजाबाई पडवीत नाचणी पाखडत बसली होती. गोरख समोर टेकला. यंदा ऊन फार आहे, म्हणाला. म्हैस आटत आली, म्हणाला. सोमनाथाचा गुडघा दुखतो, हेही सांगून झालं.

"झाडाचं काय त्ये बोल," सारजाबाई म्हणाली. सूप थांबलं नव्हतं.

"आये, तू न्हाई म्हनलीस तर इषय संपला. आमी खालनं पानी आनू. पर सोमनाथ म्हंतो, दुसरं जांभूळ न्हाई. पान्यात टाकलं तर कुजायचं न्हाई. तुज्यामाज्या मागं बी ऱ्हाईल. कुठं जायाचं न्हाई त्ये."

"खाली, तळाला बसनार?"

"व्हय. झऱ्यापाशी."

सूप थांबलं. "आन् दिसंल का वरनं?"

"चार हात पानी चढलं की न्हाई दिसायचं."

सारजाबाईनं सुपातली नाचणी टोपल्यात ओतली, सूप पालथं ठेवलं. "मग तोड," ती म्हणाली, आणि चुलीकडं गेली.

गोरखला रडू फुटलं. केवढं मन आपल्या आईचं! पोटच्या पोराची आठवण तिनं गावाच्या पाण्यासाठी देऊन टाकली! संध्याकाळपर्यंत त्यानं ही गोष्ट वाडीत घरोघरी सांगितली. ऐकणाऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. सुलक्षणानं धावपळ करून झाड तोडायची परवानगी आणली.

तोडायच्या दिवशी आईला आत बसवावं असं नूतनच्या मनात होतं. पण सारजाबाई उंबऱ्यावर येऊन बसली आणि बुंधा आडवा होईपर्यंत हलली नाही. सोमनाथनं चार तुळया तिथंच पाडल्या, खाचा घेतल्या, आणि वारं लागू नये म्हणून रात्रभरासाठी ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी पंप लागला, चिखल उपसला, आणि दोरानं एकेक तुळई खाली गेली. गोरख आणि सोमनाथनं कमरेइतक्या राड्यात उभं राहून त्या एकमेकींत बसवल्या. शेवटची खाच बसली तसा झऱ्यानं तळातून उसळी मारली. आधी गढूळ, मग थोडं निवळ, मग चांगलं पाणी. ते तुळयांवर चढायला लागलं, तसे दोघं वर आले.

काठावर सगळी वाडी जमली होती. कुणीतरी नारळ आणलेला, नूतनच्या हातात हळद-कुंकवाचं ताट. गोरख चिखलानं माखलेला होता, पण त्याला स्फुरण चढलं. "पूजेचा पयला मान माज्या आयेचा!" तो म्हणाला. "ह्या माउलीनं आपल्या लेकराची खूण…"

सारजाबाईचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ती काठाला हात टेकून वाकून खाली बघत होती.

"बुडालं का रं?" तिनं विचारलं.

"बुडालं, आये."

"माजी नजर कमी झालीय. तू बघ. दिसतं का कुठं?"

गोरखनं वाकून पाहिलं. "न्हाई दिसत."

"न्हाईच ना?"

"न्हाईच."

सारजाबाई मटकन खाली बसली. नूतन ताट टाकून धावली. पण म्हातारीला चक्कर आली नव्हती. तिनं एक लांब श्वास सोडला.

"सुटले बया," ती म्हणाली. "रोज पडायचा त्यो. रोज सकाळी दार उघडलं की फांदी मोडायची आन् माजा गेनू पडायचा. यवढी वर्सं."

गोरखला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"मग आये, तोडा म्हून का न्हाई म्हनलीस?"

"तवा तुजा बा कुऱ्हाड घिऊन आला, आन् मला वाटलं झाड ग्येलं की गेनूबी ग्येला. त्या दिसापुरतं वाटलं रं. चार म्हयन्यांनी कुनी इचारलं असतं तर म्या सोताच कुऱ्हाड दिली असती. न्हाई इचारलं कुनी. मग तू पार बांधलास, दिवं लावलंस. लेक आयेसाठी यवढं करतोय, त्याला कसं म्हनू, की मला बघवत न्हाई म्हून?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळंच गोरखला ते सोसवेना. प्रत्येक अवसेला आपण आईच्या डोळ्यांपुढं तिच्या पोराला उजेडात पाडत होतो, हे त्याला आत्ता कळलं. तो तसाच ओल्या अंगानं तिच्याजवळ मातीत बसला. लोकांना कळलं, ते आपापले हंडे घेऊन पलीकडच्या काठाला सरकले. पोहरे खाली जाऊ लागले.

मग गोरख म्हणाला, "आये, मला त्याचं पडल्यालंच आठवतं. त्याच्या आदीचं कायबी याद न्हाई. कसा हुता गं गेनू?"

सारजाबाईनं त्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला.

"लई द्वाड," ती म्हणाली, आणि हसली. "पिठल्यातल्या मिरच्या येचून तुज्या ताटात टाकायचा. आन् तू बावळट, खायाचास."