आधीची रजा

शिड्यांच्या कारखान्यात घरचं माणूस गेलं की तीन दिवस रजा मिळे. जायच्या आधी मात्र एक तासही मिळत नसे. करारातच तसं लिहिलेलं होतं, आणि ज्याच्यावर वेळ येते त्याच्याशिवाय करार कुणी वाचत नाही.

आबांवर ती वेळ गेल्या वर्षी आली. आबा तिथले तपासनीस. तयार झालेली प्रत्येक शिडी ते स्वतः चढत, वर जाऊन दोन्ही पाय आपटत, खाली उतरून शिक्का मारत. त्यांची बायको हॉस्पिटलात होती त्या शेवटच्या चार दिवसांत आबा एकशे बारा शिड्या चढले आणि उतरले. पाचव्या दिवशी रजा मिळाली. ताबडतोब. अर्जसुद्धा कुणी मागितला नाही.

यंदा करार नव्याने व्हायचा होता, तेव्हा आबांनी एकच ओळ मागितली. घरचं माणूस शेवटच्या आजारात असेल तर त्याच्याजवळ बसायला पाच दिवस रजा. घाईही होती. रंगाऱ्याची बायको त्याच हॉस्पिटलात पडून होती, आणि डॉक्टर हल्ली रंगाऱ्याशी बोलताना खिडकीकडे बघत.

"आबा, होईल ना हो?" रंगारी रोज विचारी.

"अरे, एक ओळ तर आहे. तिला काय लागतं?"

तिला सल्लागार लागतात हे आबांना माहीत नव्हतं.

कंपनीने एक बाहेरून आणला. मग कामगार म्हणाले, आपण काय हात चोळत बसायचं? त्यांनीही तीन जणांना बोलावलं. शिडीच्या कारखान्यात दुसरी परीक्षा काय असणार? सोळा फुटी शिडी लावली आणि म्हणाले, चढा. पहिल्याने बुटांचं कारण सांगितलं. दुसरा चौथ्या पायरीवर देवाचं नाव घेऊ लागला. तिसरा सरसर वर गेला आणि तिथूनच पाऊण तास बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय बोलला ते खाली नीट ऐकू आलं नव्हतं, पण पाय अजिबात लटपटले नाहीत, हे आबांनीही मान्य केलं.

दोन्ही सल्लागार वरच्या खोलीत भेटले आणि पहिला सल्ला दोघांनी एकच दिला. यापुढे कंपनी आणि कामगार यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. जे काय ते सल्लागारामार्फत, लेखी. दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.

मॅनेजर आणि आबा अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकाच बाकावर लाकूड तासायला शिकलेले. आता नळावर समोरासमोर आले की भांडलेल्या व्याह्यांसारखे बाजूला बघत. एकदा मॅनेजरचा बूट आबांच्या अंगठ्यावर पडला. आबा "आई गं" म्हणाले, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं. त्यांनी सल्लागाराला चिठ्ठी लिहिली. तीन दिवसांनी उत्तर आलं की समोरच्या पक्षाला अंगठा मान्य नाही.

आबांची ओळ दोन्ही सल्लागारांच्या समितीकडे गेली. कंपनीच्या सल्लागाराचं म्हणणं, आजार शेवटचा आहे हे कशावरून? अर्जासोबत मृत्यूचा दाखला हवा. कामगारांचा सल्लागार त्यावर चार दिवस झुंजला आणि जिंकून खाली आला. दाखला रजेनंतर आठवड्याभरात जोडला तरी चालणार होता.

"आणि माणूस वाचलं तर?" आबांनी विचारलं.

"तो मुद्दा काढलाय आम्ही. आजाऱ्याने लेखी खुलासा द्यायचा."

मग एक पोटसमिती नेमली. जवळ बसणं म्हणजे नेमकं काय, ते पाहायला ती हॉस्पिटलात गेली आणि पाय मोडलेल्या एका गृहस्थाजवळ दोन तास गप्प बसली. गृहस्थ इतका घाबरला की दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन घरी पळाला. पोटसमितीने लिहिलं, जवळ बसल्याने आजारी माणूस बरं होतं. सबब आजार शेवटचा ठरत नाही. सबब रजा देता येत नाही.

ते वाचून आबा वरच्या खोलीत गेले.

"रंगाऱ्याच्या बायकोचे चार दिवस उरलेत हो!"

"चार की पाच?" कामगारांच्या सल्लागाराने पेन उघडलं. "ते एकदा ठरलं तर काम सोपं होईल."

आबांना त्याच्या डोक्यात शिक्का मारावासा वाटला. पण ते खुर्चीवर बसले.

"मला एक सांगा. अकरा वाजता आम्ही पाणी प्यायला थांबतो. ते करारात कुठंय?"

"ते करारात नाही. ती प्रथा आहे."

"म्हणजे?"

"एखादी गोष्ट सलग तीन दिवस घडली आणि मॅनेजरने कामगाराकडे हरकत घेतली नाही, की प्रथा पडली. प्रथेला करार लागत नाही." सल्लागाराने बिस्कीट उचललं.

आबा खुर्चीतून उठले. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि मग आमचं काय काम?"

आबा खाली आले ते थेट रंगाऱ्याकडे. "ब्रश ठेव. जा तिच्याकडे."

"आणि नोकरी?"

"जा म्हणतो ना, दीडशहाण्या!"

गेटवर मॅनेजर उभाच होता. "अरे ए, कामाच्या वेळेत कुठं..."

"साहेब," आबा हळूच म्हणाले, "सल्लागारामार्फत."

मॅनेजरने वरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे बैठक दार लावून घ्यावी की उघडं ठेवून, यावर बैठक चालू होती. मग मॅनेजरने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसायला घेतला. चष्मा परत डोळ्यांवर येईपर्यंत रंगारी रस्त्याच्या वळणापलीकडे गेला होता.

"काय धूळ बसते हो इथं," मॅनेजर भिंतीला म्हणाला.

एक दिवस झाला. रंगारी आता हॉस्पिटलातून हलणार नव्हता, आणि प्रथेसाठी रोज कुणीतरी गेटातून जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कोण? स्टोअर सांभाळणाऱ्या वहिनी पुढे आल्या. "माझा नवरा धडधाकट आहे. पण आबा, आळस हा त्याचा शेवटचाच आजार असणार. जाते मी."

नवरा सुट्टी म्हणून लोळत होता. भर दुपारी बायको उशाशी येऊन बसलेली पाहून तो पांढराफटक पडला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर? झोपा तुम्ही."

"मला कळतंय सगळं," तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं, भावाला माफ केलं, आणि लग्नाआधीची एक गोष्ट कबूल केली. त्या गोष्टीवर पुढे त्यांच्या घरात बरेच दिवस समिती बसली.

तिसऱ्या दिवशी मात्र कुणी मिळेना. सुताराचं लग्न झालेलं नव्हतं. वेल्डरची बायको माहेरी होती. बाकीच्यांना वहिनींच्या घरची हकीकत कळली होती. आज कुणी गेलं नाही तर रंगारी बिनरजेचा गैरहजर ठरणार होता.

"आबा, तुम्ही जा," वहिनी म्हणाल्या.

"मी? माझ्या घरी कोण आहे आता?"

वहिनींनी त्यांच्या हातातला शिक्का काढून घेतला. "तुमची रजा राहिलीय ना. जा."

गेटवर मॅनेजरने आबांना येताना पाहिलं आणि आधीच पाठ फिरवून उभा राहिला. आबा गेटबाहेर पडले. प्रथा पडली.

घरी आले तेव्हा दहा वाजले होते. कामाच्या दिवशी दहा वाजता आबा कधी घरी नसत. त्या वेळी ऊन तिच्या उशीपर्यंत येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल.

त्यांनी खुर्ची ओढली आणि पलंगाजवळ बसले. काय करायचं ते कळेना. उठून पाणी भरून आणलं, परत बसले. चादरीची सुरकुती काढली. मग हळूहळू सांगायला लागले. अंगठ्याचं सांगितलं. बिस्किटाचं सांगितलं. पळालेल्या गृहस्थाचं सांगताना त्यांना हसू आवरेना आणि मग दुसरंही काही आवरेना. घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलं नाही.

दुपारी वहिनींचा फोन आला. "आबा, रंगाऱ्याचा निरोप आहे. त्याची बायको विचारतेय, तुला कामावरून काढलं का? सारखा इथं कसा बसलेला असतोस? दोनदा 'जा कामाला' म्हणून ओरडली म्हणे त्याला."

"मग गेला का तो?"

"छे! तिथंच बसलाय तिचा हात धरून."

आबांनी फोन ठेवला, खुर्ची थोडी आणखी पुढे ओढली आणि ती बातमी पलंगाला सांगितली. रजा पाच दिवसांची होती. आजचा पहिलाच होता.