कोपरा कुरतडलेली घोंगडी

“आप्पा, तुमी खरंच एकटे हिमालयात गेला हुता, का ती थापच?”

मित्रांनो, प्रश्न मायाक्काचा, पण पैज मैत्रिणींची. ‘आप्पांसारखी मीही एकटी डोंगरावर जाणार!’ असं ती शाळेत बोलून बसली. त्यातली विजयमाला खो खो हसली. “आधी घरी विचार की! थाप निघाली, तर वर्षभर आमची दप्तरं तू उचलायचीस.”

आप्पा, म्हणजे तिचा बाप सिदू. लोकांनी हसून हसून त्याचं तोंड कधीच बंद केलं होतं. खरं काय ते मला विचारा! मी खुंटीवरची काळी घोंगडी, सिदूच्याच मेंढरांच्या लोकरीची. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ प्याले आणि अशी ताठ झाले, की वारासुद्धा मला वळसा घालून जायचा.

बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्यावाचून मेंढरं गेली. सिदू चादरींच्या ट्रकवर क्लीनर झाला. एका खेपेला ट्रक पार देहरादूनला पोचला आणि तिथंच बिघडून बसला. कुणी तरी म्हणालं, वर डोंगरात झाडं संपली, की पुढे नुसतं गवत. गवत! सिदूनं माझी वळकटी पाठीला बांधली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली आणि एकटाच वाटेला लागला.

काय सांगू ते कुरण! आभाळाला टेकलेलं, हिरवंगार. सिदू मधोमध बसला आणि मेलेल्या मेंढरांना एकेकाच्या नावानं चरायला बोलावू लागला.

तेवढ्यात गारा आल्या. त्यानं मला दुमडून टोपीसारखी खोळ केली आणि डोक्यावर घेतली. मी भिजले, खळ सुटली. ऊन पडल्यावर त्यानं मला खडकावर वाळत घातलं आणि तिथल्या बकऱ्यांना चिंचोक्याची चटक लागली! चाटता चाटता माझा कोपराच गट्टम.

एक म्हातारा मेंढपाळ धावत आला. भाषा कुणाची कुणाला कळेना. त्यानं माझी लोकर चिमटीत धरून पिळली आणि सिदूला भाऊ मिळाल्यासारखी मिठी मारली. मग आपल्या पांढऱ्या लोकरीनं माझा कोपरा शिवून दिला.

घरी परतल्यावर मात्र त्याची बायको केराबाई कडाडली होती, “मी हितं जिवाला घोर लावून बसले, अन् तुमी गवत बघाय गेला व्हय? कोपरा उंदरानं खाल्लाय, मला नका शिकवू!” त्या रागात तिनं मला कधी हातही लावला नाही. झाडणं, खळ देणं, सगळं सिदूच करायचा. मित्रांनो, एवढं ऐका: जुन्या वस्तूला खुंटीवर टांगून विसरू नका, कधी तरी हातात घ्या.

आज मायाक्कानं तेच केलं. मला ओढून आईच्या मांडीवर टाकलं. “आये, तूच बघ. तुज्याएवढी लोकर कुणाला कळती?”

केराबाईनं नाइलाजानं पांढरा टाका चिमटीत धरला. पिळला. पुन्हा पिळला.

“आगं बया... ही लोकर आपल्याकडची न्हाय,” ती हळूच म्हणाली. “लई मऊ हाय. तुमी खरंच गेला हुता की वो!”

“मंग? किती येळा सांगितलं!” सिदू उसळून म्हणाला.

मायाक्कानं मला खांद्यावर टाकलं आणि दारात ताठ उभी राहिली.

“आप्पा, आये, ऐका. दहावीची परीक्षा झाली, की मी त्या कुरणावर जाणार. एकटी. अन् घोंगडीला खळ मीच देणार, आपल्याकडचा चिंचोका त्या बकऱ्यांना आवडतोय!”