दोन जागांचा एक भुंगेरा

भुंगेरा कोणता, हे तिला अर्ध्या तासात कळलं. तो आला कुठून, हे दुपार कलली तरी कळेना.

अंधाऱ्या जागी राहणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांचं कुळ तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. पुढच्या चार पायांच्या टोकाला पाच-पाच पेरं, मागच्या दोन पायांना चार-चार. याच्या पाठीवर शिवाय दोन उंच कडा होत्या. ही जात तिच्या सरांनाही जिवंत बघायला मिळाली नव्हती.

घोळ दादाने घातला होता. किडे पडावेत म्हणून दोघांनी नदीकाठच्या वाळूत आणि पडक्या गोदामात कप पुरले होते. सकाळी ते उचलताना दादाने सगळा ऐवज एकाच बरणीत ओतला.

"वेगवेगळं ठेवायचं असतं रे."

"सगळे काळेच होते. त्यांची गावं वेगळी आहेत हे मला काय माहीत?"

उद्या दोन्ही जागा सपाट करायला यंत्र येणार होतं. या भुंगेऱ्यासाठी यांपैकी एक वगळतो, असं तिथल्या कामाचा इंजिनिअर म्हणाला होता. कोणती, ते आज सांगायचं होतं.

तिने भिंगातून भुंगेऱ्याचं पोट पाहिलं. वाळूही चिकटली होती, गोदामातला भुसाही. मग ताटलीत एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला भुसा पसरून त्याला मधोमध सोडलं. तो पाय आखडून उताणा पडला.

"गेला की काय?" दादा दबकत म्हणाला.

"सोंग करतोय."

बऱ्याच वेळाने तो उठला, वाळूत शिरला, भुशात आला, पुन्हा वाळूकडे वळला आणि ताटलीच्या कडेला जाऊन बसला.

"याचंही तुझ्यासारखंच झालंय," दादा म्हणाला.

फोन वाजला. "मॅडम, काय ठरलं?"

ती ताटलीकडे बघत म्हणाली, "वाळू राखा."

"खात्री आहे?" फोन ठेवताच दादाने विचारलं.

"अजिबात नाही. पण अख्खा नदीकाठ आपण चाळू शकत नाही. गोदाम जमेल; तिथे असलेच तर यंत्र यायच्या आत उचलून नेऊ."

उन्हं उतरायच्या आत दोघं गोदामात गुडघ्यांवर बसले होते. दादा भुसा चाळायचा आणि चाळणीत राहिलेला प्रत्येक काळा ठिपका तिच्यापुढे धरायचा.

"हा?"

"नाही."

"हा?"

"नाही. कोपऱ्यातला भुसा घे."

"इथे नसलाच तर?"

"तर बरं. सापडला, तर मी चुकीची जागा राखली."

दादाने चाळणी थांबवली. "मग आपण शोधतोय ते सापडावं म्हणून की सापडू नये म्हणून?"

तिने हात पुढे केला. "चाळ."