आतली कडी

आमच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते आणि आई न विचारता सतरा वेळा खोलीत आली होती. कधी गरम पाणी घेऊन, कधी मला कुशीवर वळवायला, एकदा नुसतंच "झोपलात का?" विचारायला. झोपलो नव्हतो. नवऱ्याने पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि त्याची कुबडी धाडकन खाली पडली.

आईचं तरी काय चुकलं म्हणा! चौदाव्या वर्षी माझे पाय गेले, तेव्हाच बाबांनी माझ्या दाराची कडी काढून टाकली. पोर आत पडली तर? पण आता मी चौतीस वर्षांची आहे, घरबसल्या सगळ्या गल्लीचे मिक्सर दुरुस्त करते, नवरा माझा मी पसंत केलाय. आणि मावशी आईला सांगते, "सोबत झाली हो पोरीला. बाकीचं त्यांना काय करायचंय!" इतका संताप आला. मला बाकीचंच हवं होतं.

सुताराला बोलावलं. त्याने सवयीने कडी पार वर लावली.

"कडी वरच असते, ताई."

"मी खाली असते, दादा."

त्याने व्हीलचेअरकडे बघितलं आणि कडी माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आणली.

आई दारात उभीच होती. "बाहेरून लावायची ना?"

"आतून."

"अगं, आत पडलीस तर?"

"पडले तर दोघं पडू."

सुताराला एकाएकी स्क्रू सापडेना. आई म्हणाली, "जनाची नाही, मनाची तरी ठेव!"

"मी कुणाची तरी बायको आहे, आई. यापुढे दार वाजवून ये." ठणकावून सांगायचं होतं, पण मेलं मधेच रडू आलं.

आई निघून गेली.

दुपारी मी कडी लावली. माझ्या हाताने. नवरा कुजबुजला, "भिंती पातळ आहेत गं. सगळं ऐकू जाईल."

तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. रिकामा. भरलेला कुठला आणि रिकामा कुठला, मला आवाजावरून कळतं. सलग चालवला की मोटर जळते, हे मी आईला शंभरदा सांगितलंय. चांगला अर्धा तास चालू होता.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. कडी काढली. आई मिक्सर घेऊन उभी होती.

"जळला वाटतं," ती छताकडे बघत म्हणाली. "आणि हो, लवकर दुरुस्त कर. उद्या पुन्हा लागेल."