सतरा नंबरची तिसरी तपासणी

सपनानं काचेची ताटली खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, मग उलटी करून पुन्हा पाहिली. ताटलीत जंतूंची दुधाळ साय धरली होती. मधोमध सतरा नंबरच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली होती. साय थेट तिच्या काठाला येऊन टेकली होती.

"कडं कुठाय?" प्रेमानंदनं विचारलं.

सपनानं ताटली त्याच्या हातात दिली आणि ती हात धुवायला गेली. हात स्वच्छच होते.

अर्कात दम असला की टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथं नितळ, गोल कडं पडतं, एवढं प्रेमानंदला ठाऊक होतं. त्याचं शिक्षण दहावी. हिंगोलीजवळच्या गोरेगावात पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून देण्याचं दुकान. पण नवराबायको जेवायला बसले की शीतल हेच बोलायची. हिंगोलीच्या या कॉलेजात ती शिकवायची आणि समुद्रातल्या शेवाळात औषधाला येईल असं काही सापडतं का ते शोधायची. दोन हिवाळ्यांपूर्वी दोघं रत्नागिरीकडं जाऊन आठ दिवस राहिले होते. ओहोटीला ती खडकांवर उतरायची, हा पिशव्या धरून मागं. बेचाळीस नमुने आणले, बेचाळीस अर्क काढले. एकेचाळीस मुके निघाले. सतरा नंबरनं मात्र कडं पाडलं. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा पाडलं.

"तीनदा पडलं की खरं म्हणायचं," शीतल म्हणाली होती.

मे महिन्यात तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. छत्तीस वर्षांची होती. तिसरी वेळ राहिली. ती तिच्या हाताखाली शिकणाऱ्या सपनानं लावली होती, आणि आज ताटली उघडताना प्रेमानंददादांनी समोर असावं म्हणून बोलावून घेतलं होतं. प्रेमानंदनं सासऱ्यांनाही आणलं होतं. लेक गेल्यापासून जळबा त्याच्याकडंच राहत होते. दाराजवळच्या स्टुलावर ते टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

"काय झालं, जावई?"

"न्हाई पडलं, मामा."

मॅडम आल्या. शीतलचं काम त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चाललं होतं. त्यांनी ताटली पाहिली, नोंदवही उघडली आणि बराच वेळ मागची पानं चाळली.

"सतरा नंबर आपल्याला छापायला द्यायच्या लेखातून काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन वेळी काहीतरी चुकलं असणार."

"कोणाचं?" प्रेमानंदनं विचारलं.

मॅडमनी वहीचं पान उलटलं.

"ती चुकत नव्हती, मॅडम. घरी मिठाचा चमचासुद्धा सपाट करून घालायची."

"चूक कुणाचीही होते, दादा. तिचं नाव लेखावर राहीलच. पण सतराशिवाय त्यात सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही." त्यांनी पेन उघडलं. मग सवयीनं विचारल्यासारखं म्हणाल्या, "सपना, अर्काच्या बाटल्या सगळा वेळ थंडीतच होत्या ना?"

"हो मॅडम. इथं लाईटचा भरवसा नाही म्हणून दादांच्या घरी ठेवल्या होत्या. फ्रिज इन्व्हर्टरवर आहे त्यांचा."

प्रेमानंदनं ताटली हळूच टेबलावर ठेवली.

फ्रिजसाठी ती वेगळी लाईन त्यानं स्वतः ओढली होती. गल्लीतली लाईट गेली तरी घरात तेवढं एक सॉकेट चालू राहायचं. शीतल गेली त्या दिवशी तिला ठेवायला विजेवरची बर्फाची पेटी आणली. तिचा भाऊ रत्नपाल फौजेत, गुवाहाटीला; त्याला यायला दोन दिवस लागणार होते. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन आणि लाईट तासातासाला जात होती. पेटीची वायर स्वयंपाकघरातल्या त्या सॉकेटातून आली होती. फ्रिजची पिन पिठाच्या डब्यामागं लोंबत होती, ती त्यानं पाहिली होती. दुसरी लाईन ओढायला त्याला पाच मिनिटं लागली असती. तो बसून राहिला. माती झाल्यावर कुणीतरी नासलेलं दूध फेकलं आणि पिन परत लावली. बाटल्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पिन कोणी काढली, तेही त्यानं पाहिलं होतं.

"फ्रिज बंद होता," तो म्हणाला. "ती गेली तेव्हा. दोन दिवस. मी काढली होती पिन."

"मे महिन्यात?" सपना वळली. "दादा, मला तेव्हाच सांगायचं ना!"

"न्हाई बाई," जळबा म्हणाले. ते स्टुलावरून उठले होते. "त्याला त्या दिशी पायात चप्पल हाये का न्हाई, ते ठावं नव्हतं. तो कशाची पिन काढतो? म्या काढली."

"मामा, बसा तुमी."

"बोलू दे रे. पेटी बंद पडली असती तर भावाला तोंड पाहाया भेटलं नसतं. लेकरू टिकावं म्हनून काढली." त्यांनी टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "त्या बाटल्यांत काय हाये, म्या तिला कधी धड इचारलं न्हाई. आमच्या हिरीत शेवाळ सडून राहिलं अन् ही बया समुद्राला चालली, म्हनायचो. ती बी हसायची."

मॅडमनी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं: नमुना दोन दिवस उष्णतेत राहिला, तिसरा निकाल धरू नये.

"मंग तिचं खरं ना?" जळबांनी विचारलं.

"खरं म्हणता येत नाही, बाबा. खोटंही म्हणता येत नाही. शेवाळ पुन्हा आणून अर्क काढावा लागेल. त्याच खडकावरचं, हिवाळ्यातलं."

"वहीत गावाचं नाव आहे," सपना म्हणाली. "खडक दादांना माहीत असेल. दादा बरोबर होते."

प्रेमानंदनं आठवून पाहिलं. शेवाळ निसरडं असतं. आठही दिवस त्यानं फक्त शीतलच्या पावलांकडं पाहिलं होतं.

"न्हाई सांगता येणार," तो म्हणाला.

सपनाची शिष्यवृत्ती सप्टेंबरात संपणार होती. त्यानंतर ती कुठं असेल, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

परतीची जीप भरेपर्यंत सासरा-जावई आत बसून राहिले. नरसी गाव मागं पडल्यावर जळबांनी विचारलं, "काहून बोललास तू, म्या काढली म्हनून?"

प्रेमानंदनं बाहेर रस्त्याकडेच्या शेतांकडं बोट केलं. हळदीला पाणी सुटलं होतं.

हिवाळा आला आणि गेला. किनाऱ्यावर कुणी गेलेलं नाही. सतरा नंबरचा अर्क पुन्हा काढलेला नाही, आणि तिसरी तपासणी व्हायची आहे.