श्री. आश्रुबा ग्यानबा खंदारे

“मावशी, तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटोत लाभार्थी पाहिजे. आश्रुबा खंदारे कुठंयत? त्यांना वर बोलवा,” राजेश्री मॅडम म्हणाल्या.

“आणते,” केशरबाई म्हणाल्या आणि लोखंडी शिडीवरून खाली उतरल्या.

मॅडम लाइट ऑफिसात नव्यानंच इंजिनिअर म्हणून आल्या होत्या. त्यांना त्या ‘आणते’मध्ये काही वावगं वाटलं नाही. त्या गच्चीवरच्या सोलर पॅनेलांचे फोटो काढत राहिल्या. केशरबाईंचा मुलगा सिद्धोधन मात्र तिथंच खाली बसला आणि आधीच आवळलेला एक नट पुन्हा आवळू लागला. पुढं काय होणार ते त्याला कळलं होतं आणि गच्चीवर लपायला जागा नव्हती.

थोड्या वेळानं शिडीवर आधी एक चौकट दिसली आणि तिच्यामागून केशरबाईंचं डोकं. चौकटीत आश्रुबा होते, पांढरी टोपी घातलेले, फोटोवाल्यानं हसू नका म्हणून सांगितल्यावर माणूस बसतो तसे बसलेले. फोटोला एरवी हार असायचा. तो केशरबाईंनी मुद्दाम खाली काढून ठेवला होता.

“हं, काढा आता,” त्या म्हणाल्या. काच पदरानं पुसून त्यांनी चौकट पॅनेलला टेकवली आणि शेजारी ताठ उभ्या राहिल्या.

मॅडमनी मोबाइल खाली घेतला. “हे वारलेत?”

“चार साल झाले.”

“मग अर्ज कुणी केला?”

“त्यायच्या नावानं त्यायनंच केला म्हना की,” केशरबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर जराही अपराधीपणा नव्हता.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. घरावर सोलर बसवलं की सरकार सबसिडी देतं, आणि ती देताना नावं जुळवून बघतं. लाइट बिलावर ज्याचं नाव, त्याचाच अर्ज आणि त्याचंच बँकेचं पासबुक. शेवटी त्याच माणसाचा पॅनेलांशेजारी उभं राहून फोटो. सिद्धोधनला हे तोंडपाठ होतं. तो परभणीच्या एका सोलरच्या दुकानात फिटर होता. पार जिंतूरपर्यंतच्या गच्च्यांवर त्यानं पॅनेलं चढवली होती आणि त्याच्या स्वतःच्या घरावर मात्र वाळवणाशिवाय काही चढलं नव्हतं. गल्लीतले लोक त्यावरून त्याला चिडवायचे. शेवटी त्यानं बँकेचं कर्ज काढायचं ठरवलं. सबसिडी आली की निम्मं ओझं उतरेल असा त्याचा हिशोब होता.

“माय, आधी मीटरवरलं बाबाचं नाव बदलू. एक अर्ज अन् मृत्यूचा दाखला. लय मोठं काम न्हाई,” तो म्हणाला होता.

“नाव बदलायचं न्हाई.”

“अगं, मेलेल्या मानसाला सरकार सबसिडी देत न्हाई.”

“इचारून तर बग. न्हाई म्हनलं तर मंग बगू.”

आणि सरकार न्हाई म्हणालंच नाही. आश्रुबांचा मोबाइल केशरबाईंनी रिचार्ज मारून जिवंत ठेवला होता, कारण बिलाचा मेसेज त्याच्यावर यायचा. अर्ज भरताना नंबर मागितला, त्यावर कोड आला, केशरबाईंनी चष्मा लावून तो वाचून दाखवला आणि पडद्यावर आश्रुबांचं स्वागत झालं. मग एकामागून एक मंजुऱ्या येत गेल्या. जिवंतपणी ज्या माणसाचं एकही सरकारी काम एका चकरेत झालं नाही, त्याची कामं मेल्यावर घरबसल्या होऊ लागली. सिद्धोधनही त्या वाऱ्यावर वाहवला. पासबुकाचं आणि फोटोचं शेवटी बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते शेवटचं आता गच्चीवर येऊन उभं होतं.

केशरबाई अडल्या होत्या त्या हट्टानं नव्हे. हट्टी त्या होत्याच, पण हे प्रकरण वेगळं होतं.

आश्रुबा गवंडी होते. त्यांच्या ताडकळस गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती त्यांच्या ओळंब्यानं सरळ उभ्या राहिल्या असतील. पण त्या घरांतून त्यांना हाक यायची ती “ए आशऱ्या” अशीच. त्यांनी ज्यांना अंगाखांद्यावर खेळताना पाहिलं ती पोरंसुद्धा मिशी फुटली की त्यांना आशऱ्या म्हणू लागायची. आश्रुबा ओ द्यायचे, काम करायचे, घरी यायचे. अशी हाक ऐकलेली असेल त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

आश्रुबांच्या वस्तीवर तेव्हा मीटर नव्हतं. अंधार पडला की बांबूच्या टोकानं तारेवर आकडे पडायचे आणि घराघरांत फुकटचा उजेड यायचा. लाइट ऑफिसची गाडी आली की सगळी वस्ती आकडे काढायला धावायची. एकदा सिद्धोधन पुस्तक घेऊन बसला असताना गाडी आल्याची आरोळी उठली आणि आश्रुबांनी स्वतःच्या हातानं आकडा ओढून मुलाच्या पुस्तकावर अंधार केला. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत, मीटरसाठी लाइट ऑफिसात कोटेशन भरायला गेले. “चोरीच्या उजेडात मपलं लेकरू शिकनार न्हाई,” एवढंच ते म्हणाले. वस्तीतलं पहिलं मीटर त्यांच्या भिंतीवर लागलं. फुकट मिळतंय त्याचे पैसे भरतो म्हणून लोक त्यांना हसले, आणि दोन-तीन वर्षांत हसणाऱ्यांनीही मीटर घेतलं.

मग बिल आलं. बिल वाटायचे दत्तराव, वरच्या आळीचे. गल्लीत खंदाऱ्यांची चार घरं होती आणि एकदा एकाचं बिल दुसऱ्याला देऊन त्यांनी चांगलंच भांडण ओढवून घेतलं होतं. तेव्हापासून ते दारात उभं राहून बिलावरचं नाव जसं छापलंय तसं पूर्ण वाचायचे.

“श्री. आश्रुबा ग्यानबा खंदारे!”

गावानं ज्या माणसाला अर्ध्या नावानं हाकारलं, त्याला कुणीतरी त्याच्याच दारात उभं राहून श्री म्हणत होतं, आणि तेही वरच्या आळीचा माणूस. पहिल्या वेळी आश्रुबा ओट्यावरच बसलेले होते, पण बोलले नाहीत. दत्तरावांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा मोठ्यानं पुकारलं. तेव्हा आश्रुबा सावकाश उठले आणि म्हणाले, “हाय. घरी हाय.” पुढं दर महिन्याला हेच. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची. दत्तरावांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि दुसरी हाक कधी चुकवलीही नाही.

आश्रुबा गेल्यावर पहिलं बिल आलं तेव्हा दत्तराव दारात घुटमळले. आतून केशरबाई म्हणाल्या, “पुकारा की दत्तराव, कागदावर हाय तसं.” त्यांनी पुकारलं. केशरबाईंनी आतल्या आत रडून घेतलं आणि बाहेर येऊन बिल घेतलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या दारात त्यांचा नवरा घरी असायचा.

“मावशी,” गच्चीवर मॅडम म्हणत होत्या, “असा फोटो मला वर पाठवता येत नाही. आधी मीटर तुमच्या नावावर करा, मग नवा अर्ज करा. मी अडवणार नाही, उलट लवकर करून देईन.”

“नाव हलवल्याबिगर न्हाई का जमत? फुकट काई मागत न्हाई मी. पॅनेल बसलंय, बगा की, डोळ्यापुढं हाय.”

“पॅनेल आहे, पण माणूस नाही ना. राग मानू नका. तुम्ही तशा मनानं केलं नाही, मला दिसतंय. पण गेलेल्या माणसाच्या नावावर सरकारकडून पैसे घेणं चोरीत मोडतं, मावशी.”

सिद्धोधनचा पाना थांबला. आता माय या पोरीला काय काय ऐकवेल या धास्तीनं तो उठून उभा राहिला.

पण केशरबाई स्लॅबवर खाली बसल्या. हा स्लॅब आश्रुबांनी स्वतः टाकला होता, दुसऱ्यांची कामं आटोपून आल्यावर, उरलेल्या वेळात. केशरबाईंनी त्याच्यावरून तळहात फिरवला. ऊन चांगलंच तापलं होतं आणि स्लॅबही.

“सिद्धू,” त्या म्हणाल्या, “आकडा टाकलाय रे मी.”

“काय माय?”

“तुज्या बाबाच्या नावाचा आकडा करून तारंवर टाकलाय. त्यायला कळलं असतं तर काय केलं असतं?”

सिद्धोधननं पाना खाली ठेवला. त्याला तो पुस्तकावर पडलेला अंधार आठवत होता.

“काढला असता,” केशरबाईंनी स्वतःच उत्तर दिलं. मग त्या मॅडमकडं वळल्या. “बाई, कुटं सही करायची ते सांगा. अन् आजच करू. उद्यावर टाकलं तर माजं मन फिरंल.”

मॅडम बहुधा दुसऱ्या कोणत्याही उत्तराच्या तयारीत होत्या, या उत्तराच्या नव्हत्या. “पूर्ण नाव काय लिहायचं, मावशी?” त्यांनी हळूच विचारलं.

“केशरबाई आश्रुबा खंदारे.”

मीटर नावावर झालं. नवा अर्जही झाला, आणि मॅडम बोलल्याप्रमाणे लवकरच स्वतः पुन्हा आल्या. या वेळी केशरबाईंनी ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं. चौकट त्यांनी वर आणलीच होती, पण शेजारी ठेवली नाही. मॅडम जिथं मोबाइल धरून उभ्या होत्या तिथं, त्यांच्या पायाशी, कठड्याला टेकवून ठेवली.

“इथं कशाला?” सिद्धोधननं विचारलं.

“बगू दे त्यायला,” त्या म्हणाल्या आणि पॅनेलांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. हसू नका असं कुणी सांगितलं नसतानाही त्या हसल्या नाहीत.

सबसिडी आली. कर्जाचं ओझं खरंच हलकं झालं. गल्लीतली चेष्टाही बंद झाली, फक्त लाइट गेली की सोलरही का बंद पडतं हे सिद्धोधनला अजून प्रत्येकाला वेगळं समजावून सांगावं लागतं. केशरबाईंनी आश्रुबांचा मोबाइल मात्र बंद केला नाही. कामून, असं कुणी विचारलंही नाही.

आणि मग बिलाचा दिवस आला.

केशरबाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. दत्तरावांची मोपेड कोपऱ्यावर आली तेव्हाच त्यांना आवाज कळला. या दारात आता ते नाव येणार नव्हतं. ते आपणच आपल्या सहीनं पुसलंय, असं त्यांना वाटलं, आणि शेंगांवरची नजर त्यांना वर उचलवेना.

मोपेड दारात थांबली. दत्तरावांनी बिलांचा गठ्ठा चाळला, एक बिल वर काढलं आणि वाचायच्या आधी क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. मग घसा साफ केला.

“श्रीमती केशरबाई आश्रुबा खंदारे!”

समोरच्या घरातून बायका डोकावल्या. केशरबाईंना आयुष्यभर आशऱ्याची बायको म्हटलं गेलं होतं आणि नंतर सिद्धूची माय. हे एवढं लांब नाव गल्लीत कधी कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं. मधलं नाव त्यात होतं, जसंच्या तसं, त्यांच्या नावाला बिलगून.

मान खाली घालून त्यांनी एक शेंग सोलली, मग आणखी एक.

दत्तरावांनी मोपेड बंद केली. स्टँडला लावून ते खाली उतरले, सरळ उभे राहिले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी पुन्हा पुकारलं.

केशरबाईंनी सूप बाजूला सरकवलं. पदर डोक्यावर घेतला आणि सावकाश उठल्या.

“हाय,” त्या म्हणाल्या. “घरी हाय.”